दार कोणी उघडायचे?

३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. त्या घटनेला पन्नास वर्षे उलटून गेली. पुढच्या वीस वर्षांत सुमारे आठ लाख व्हिएतनामी माणसे लहानमोठ्या नौकांतून समुद्र ओलांडून शेजारी देशांच्या किनाऱ्यांना जिवंत लागली. जी वाटेतच बुडाली त्यांची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही. हा इतिहास जुना झाला असे म्हणून तो बाजूला ठेवण्याची सोय आपल्याला नाही. कारण त्याचेच दाखले देऊन आज निर्वासितांना दार बंद करण्याचे समर्थन केले जाते. ‘त्या काळी लोक उदार होते, आता लोकच नको म्हणतात, मग सरकारने काय करावे?’ असे एक जण म्हणतो. ‘हाँगकाँगने तारेचे कुंपण घातले तेव्हाच लोंढा थांबला, कठोर झाल्याशिवाय गत्यंतर नसते,’ असे दुसरा म्हणतो. तिसरा, आणि तो बहुधा मिस्साबली आटोपून देवळातून बाहेर पडलेला आपल्यातलाच कोणी असतो, म्हणतो, ‘निर्वासितांसाठी प्रार्थना करावी, जमेल तेवढे दान द्यावे, धोरण ठरवणे हे सरकारचे काम.’

ही तिन्ही मते आम्हाला अमान्य आहेत. व्हिएतनामी निर्वासितांचा इतिहास नीट वाचला तर तो वेगळेच काही सांगतो. जेथे सरकारांनी स्पष्ट हमी दिली तेथे सामान्य माणसाच्या दयेला वाट मिळाली व ती अनेक पटींनी वाढली. जेथे सरकारने धाक घालणे हेच धोरण मानले तेथे तीच दया कुंपणाबाहेर ताटकळत राहिली. तेव्हा दया आणि धोरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे म्हणणाऱ्यांशी आमचा वाद आहे.

प्रथम, ही माणसे कोण होती ते पाहू. आपल्याकडे सर्वसाधारण समज असा की, कम्युनिस्ट राजवटीपासून पळालेले हे सारे आपले कॅथोलिक बांधव. या समजाला आधार आहे, पण तो अपुरा आहे. १९५४ साली जिनिव्हा करारानंतर देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेकडून दक्षिणेकडे आलेल्या आठ लाखांहून अधिक लोकांत बहुसंख्य कॅथोलिक होते, हे खरे. १९७५ नंतर ख्रिस्तसभेचा छळ झाला, हेही खरे. सायगावचे सहायक महागुरू फ्रान्स्वा झेव्हियर न्गुएन व्हान थुआन यांनी १३ वर्षे बंदिवासात काढली, त्यांतली ९ एकांतवासात. परंतु १९७८-७९ साली समुद्रावर जो प्रचंड लोंढा लोटला त्यात मोठा भरणा व्हिएतनाममधील चिनी वंशाच्या लोकांचा होता. मार्च १९७८ मध्ये दक्षिणेतील खासगी व्यापार बंद करण्यात आला, दुकाने जप्त झाली, शहरी कुटुंबांना ओसाड मुलखातील ‘नव्या आर्थिक विभागां’त धाडण्यात आले, आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनशी युद्ध पेटल्यावर तर ते लोक शत्रूच्या नात्यातले ठरले. त्या नौकांत बौद्ध होते, पूर्वजपूजक होते, कोणताच धर्म न मानणारेही होते. हे आम्ही मुद्दाम सांगतो. ज्याला आपण ‘आपला’ म्हणून आसरा देऊ पाहतो, त्याच्या शेजारी त्याच फळीवर बसलेला दुसरा कोणी असतो. आणि लाट दोघांनाही सारखीच बुडवते.

या लोकांना पहिला आसरा द्यायची पाळी आली ती मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, फिलिपाईन्स आणि हाँगकाँग यांच्यावर. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यासमोर पुलाव बिदोंग नावाचे जेमतेम एक चौरस किलोमीटरचे बेट आहे. साडेचार हजार माणसांसाठी तेथे ऑगस्ट १९७८ मध्ये छावणी उघडली. जून १९७९ मध्ये तिच्यात ४० हजारांहून अधिक माणसे कोंबली गेली होती. त्याच महिन्यात आग्नेय आशियाई राष्ट्रसंघटनेच्या देशांनी जाहीर केले की यापुढे नवे निर्वासित घेतले जाणार नाहीत. मलेशियाच्या नौदलाने तर किनाऱ्याला लागू पाहणाऱ्या नौका दोराने ओढून पुन्हा खोल समुद्रात नेऊन सोडल्या. या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण त्या देशांचा सवाल खोटा नव्हता. ते विचारत होते : ‘आम्ही ओसरीवर घेऊ, पण तुम्ही श्रीमंत देश त्यांना पुढे घरात कधी नेणार? आमची ओसरी भरली आहे.’

२० व २१ जुलै १९७९ रोजी जिनिव्हा येथे ६५ देशांची परिषद भरली, ती या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी. तोवर पुनर्वसनासाठी सव्वा लाख जागांची आश्वासने होती. ती २ लाख ६० हजारांवर गेली. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी दरमहा घ्यायच्या निर्वासितांची संख्या ७ हजारांवरून १४ हजारांवर नेली होती. इंडोनेशियाने गालांग बेटावर आणि फिलिपाईन्सने बाताआन येथे पुढे जाणाऱ्यांसाठी तात्पुरती केंद्रे देऊ केली. कुटुंबांनी जीव धोक्यात न घालता कागदपत्रांनिशी विमानाने देश सोडावा, अशी योजना व्हिएतनामनेही मान्य केली. त्या मार्गाने पुढे सहा लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली. या हमीनंतर नौका मागे लोटण्याचे सत्र पुष्कळ अंशी थांबले. मलेशियाच्या लोकांचे मन जुलै महिन्यात अचानक मऊ झाले असे कोणी समजू नये. बदलले ते धोरण.

हीच गोष्ट भर समुद्रावर अधिक स्पष्ट दिसते. वसई-उत्तनच्या आपल्या कोळी बांधवांना सांगावे लागत नाही की, बुडत्याला नावेत घेणे हा दर्याचा पहिला नियम आहे. तरीही त्या वर्षांत मोठमोठी व्यापारी जहाजे नौकांतून हात हलवणाऱ्या माणसांच्या जवळून निघून गेली. त्यांचे सारे कप्तान दुष्ट होते काय? अडचण पुढे होती. वाचवलेल्यांना घेऊन जहाज बंदरात शिरले की बंदराचे अधिकारी विचारत, ‘यांना कोण नेणार?’ उत्तर मिळेपर्यंत जहाज अडकून पडे, मालकाचे नुकसान होई, आणि पुढच्या खेपेला कप्तान दिशा बदले. ऑगस्ट १९७९ मध्ये आठ पाश्चात्त्य देशांनी लेखी हमी दिली : ज्या जहाजाचा देश निर्वासितांना घेत नाही, त्या जहाजाने वाचवलेल्यांना आम्ही घेऊ. १९७५ ते १९९० या काळात सुमारे ६७ हजार माणसे अशी समुद्रातून वर काढली गेली. ही हमी किती निकडीची होती, याची साक्ष थायलंडच्या आखातात मिळते. १९८१ साली थायलंडला पोचलेल्या ४५२ नौकांपैकी ३४९ नौकांवर चाच्यांनी हल्ले केले होते. त्या वर्षी ८८१ माणसे मेली वा बेपत्ता झाली, शेकडो स्त्रियांवर अत्याचार झाले. कप्तानाच्या दयेला कागदाचा आधार मिळण्यास उशीर झाला, त्याची किंमत या बायामाणसांनी दिली.

आता ‘लोकच नको म्हणतात’ या सबबीकडे वळू. या सबबीला सर्वांत सणसणीत उत्तर कॅनडाने दिले. १९७९ च्या उन्हाळ्यात तेथील जनमतही एकमुखाने अनुकूल नव्हते. बऱ्याच लोकांना निर्वासितांची संख्या जास्त वाटत होती. पण त्या देशाच्या मनावर जुने ओझे होते. १९३९ साली ९०० हून अधिक ज्यू निर्वासितांना घेऊन आलेल्या ‘सेंट लुईस’ या जहाजाला अमेरिका खंडातील देशांनी उतरू दिले नव्हते, आणि त्यांत कॅनडाही होता. त्या काळच्या धोरणावर दोन इतिहासकारांनी लिहिलेला निबंध १९७९ साली कॅनडाचे स्थलांतरमंत्री रॉन ॲटकी यांच्या हाती पडला. दार बंद करणारा मंत्री म्हणून आपले नाव इतिहासात राहू नये, असे त्यांनी ठरवले. जुलै १९७९ मध्ये पंतप्रधान जो क्लार्क यांच्या सरकारने ५० हजार निर्वासित घेण्याचे जाहीर केले आणि सोबत एक साधी अट घातली : नागरिक जितक्यांची जबाबदारी घेतील, तितक्यांची सरकारही घेईल.

पद्धत कोणालाही समजेल अशी होती. पाच प्रौढ नागरिकांनी एकत्र यावे किंवा एखाद्या धर्मग्रामाने पुढे व्हावे, एका कुटुंबाच्या वर्षभराच्या निवाऱ्याची, अन्नवस्त्राची, मुलांच्या शाळेची, भाषा शिकवण्याची हमी द्यावी. हे काम दानपेटीत नोट टाकण्याइतके सोपे नव्हते. ज्यांनी कधी बर्फ पाहिला नाही त्यांना हिवाळ्याचे बूट घालायला शिकवणे, दवाखान्यात सोबत जाणे, दुभाष्या शोधणे, नोकरीसाठी चार ठिकाणी शब्द टाकणे, हे सारे त्यात आले. देवळादेवळांतून मंडळे उभी राहिली. इतकी की, सरकारच गडबडले. डिसेंबर १९७९ मध्ये नागरिकांच्या हमींचा आकडा अपेक्षेबाहेर गेल्याचे पाहून सरकारने आपला हिस्सा आखडता घेण्याचा विचार जाहीर केला. मंडळांनी निषेध केला : ‘आमची माणुसकी ही तुमची काटकसर नव्हे!’ एप्रिल १९८० मध्ये नव्या सरकारने आणखी १० हजार जागा वाढवल्या. अखेर ६० हजार निर्वासित आले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक नागरिकांच्या हमीवर आले. १९८६ साली निर्वासितांच्या सेवेसाठी दिले जाणारे नान्सेन पदक कॅनडाच्या जनतेला देण्यात आले. जनमत आधी अनुकूल व्हावे आणि मग सरकारने हलावे, असा क्रम येथे मुळीच नव्हता. सरकारने जबाबदारीची चौकट उभी केली, लोक तिच्यात येऊन उभे राहिले. आणि सरकार मागे सरकू लागले तेव्हा त्याच लोकांनी त्याला शब्दाची आठवण करून दिली.

याच्या शेजारी ब्रिटनचे उदाहरण ठेवावे. ब्रिटनने हाँगकाँगमधून १० हजार निर्वासित घेतले. पण कोणत्याही एका गावावर भार पडू नये म्हणून त्यांना चार-सहा-दहा कुटुंबांच्या गटांनी देशभर विखरून टाकले. ना जातभाई, ना बाजार, ना काम. काही वर्षांत यांतली बरीच कुटुंबे आपण होऊन लंडन, बर्मिंगहॅमसारख्या शहरांत गोळा झाली. घर दिले म्हणजे वसवले असे होत नाही. माणसाला शेजार लागतो, आणि शेजार सरकारी हुकमाने तयार होत नाही. तो नागरिकांना सोबत घेऊनच तयार करावा लागतो.

आता हाँगकाँग. न्यायाने सांगायचे तर त्या शहराने नौका समुद्रात परत ढकलल्या नाहीत. १९७९ या एका वर्षात तेथे सुमारे ६८ हजार माणसे आली, आणि स्वतः निर्वासितांनी भरलेल्या त्या चिंचोळ्या वसाहतीने त्यांना उतरू दिले. पण श्रीमंत देशांच्या जागा आटू लागल्या तसे धोरण फिरले. २ जुलै १९८२ पासून येणाऱ्यांना बंद छावण्यांत ठेवण्यात आले. बाहेर काम करण्यास मनाई झाली. १६ जून १९८८ पासून येणारा प्रत्येक जण बेकायदा घुसखोर समजला जाऊ लागला. आपण निर्वासित आहोत हे सिद्ध करेपर्यंत त्याला तारांच्या आत राहणे भाग होते. पत्र्यांच्या लांबलचक खोल्यांत तीन मजली फळ्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे वर्षानुवर्षे राहिली. कित्येक मुलांना कुंपणापलीकडचे जग ठाऊकच नव्हते. या धोरणाला अधिकाऱ्यांनी ‘मानवतापूर्ण प्रतिबंध’ असे गोंडस नाव दिले होते. म्हणजे आत असलेल्याला इतके हाल द्यायचे की, बाहेरच्याने येण्याचे धाडस करू नये.

या धोरणाने लोंढा थांबला काय? १९८२ साली कुंपण पडले, १९८८ साली छाननी आली, आणि १९८९ साली ३४ हजारांहून अधिक माणसे हाँगकाँगला येऊन थडकली. १२ डिसेंबर १९८९ च्या पहाटे, उजाडण्यापूर्वी, ५१ जणांना पोलीस बंदोबस्तात विमानात घालून हनोईला धाडण्यात आले. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. जगभर छीथू झाली. पुढे सेक काँगच्या छावणीत ३ फेब्रुवारी १९९२ रोजी, चांद्र नववर्षाच्या पूर्वसंध्येला, कैद्यांच्या दोन गटांतील दंगलीत आग लागली व २४ जण मेले. वर्षानुवर्षे माणसांना कोंडल्यावर त्यांच्यात काय माजते, याचा हा दाखला.

प्रतिपक्ष म्हणेल, १९९१ अखेर व्हिएतनामशी परतपाठवणीचा करार झाला आणि १९९२ साली आवक जवळजवळ थांबली, हे का सांगत नाही? सांगतो. पण तोवर व्हिएतनामने १९८६ पासून आपली अर्थव्यवस्था खुली करायला घेतली होती, विमानाने कायदेशीर बाहेर पडण्याचा मार्ग रुंदावला होता, परत गेलेल्यांवर सूड उगवला जाणार नाही अशी हमी घेतली गेली होती आणि ती पाळली जाते का हे पाहायला आंतरराष्ट्रीय निरीक्षक जात होते. एवढे सगळे घडल्यावर आवक थांबली. याचे श्रेय तारेला देणे म्हणजे पाऊस पडल्याचे श्रेय छत्रीला देण्यासारखे आहे.

‘यांतले बरेच जण निर्वासित नव्हतेच, पोटासाठी आले होते,’ हा आणखी एक आक्षेप. काही जण तसे होते, हे आम्ही नाकारत नाही. न्याय्य छाननीनंतर सन्मानाने परत पाठवणे हा अन्यायही नव्हे. जून १९८९ च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेत ठरलेल्या व्यापक कृतियोजनेनुसार सुमारे १ लाख ९ हजार माणसे व्हिएतनामला परतली. प्रश्न आहे तो छाननीच्या गुणवत्तेचा. वकिलाची पुरेशी मदत नाही, दुभाष्याच्या एका चुकीने आयुष्याचा निकाल, काही छावण्यांत तर लाचलुचपतीचे आरोप. शिवाय ज्या राजवटीत व्यापार करणे हाच गुन्हा आणि बापाची जुनी नोकरी हाच मुलाचा कलंक, तेथे पोट कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो, हे टेबलामागे बसून एका तासात ठरवणारा अधिकारी आम्हाला तरी सर्वज्ञ वाटत नाही.

या सर्व काळात ख्रिस्तसभा काय करत होती? १९४५ साली हिरोशिमाच्या जखमींची शुश्रूषा केलेले, येशूसंघाचे महाधिपती फादर पेद्रो अरुपे यांना १९७९ च्या नाताळात नौकांतील माणसांच्या बातम्यांनी अस्वस्थ केले. त्यांनी आपल्या सुमारे वीस प्रांताधिपतींना तारा करून विचारले, तुम्ही काय करू शकता? त्यातून १४ नोव्हेंबर १९८० रोजी येशूसंघीय निर्वासित सेवा जन्मास आली. परमगुरू जॉन पॉल दुसरे २१ फेब्रुवारी १९८१ रोजी बाताआनच्या छावणीत स्वतः गेले. परंतु आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते फिलिपाईन्समधील ख्रिस्तसभेचे १९९६ सालचे काम. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पलावान बेटावरील उरलेल्या व्हिएतनामींना सक्तीने विमानात बसवण्यास सुरुवात झाली. ख्रिस्तसभेने निषेधाच्या पत्रकावर समाधान मानले नाही. तिने राष्ट्राध्यक्ष फिडेल रामोस यांच्या सरकारशी वाटाघाटी केल्या आणि जुलै १९९६ मध्ये करार केला : ‘यांना राहू द्या, जबाबदारी आम्ही घेतो.’ पलावानमध्ये त्यांच्यासाठी वस्ती उभी राहिली; २००५ पासून त्यांतल्या बहुतेकांना अमेरिकेने स्वीकारले. दयेने धोरणाचा दरवाजा ठोठावला आणि तो उघडून घेतला, याचे हे उदाहरण आहे.

वाचकहो, यातून आपण काय घ्यायचे? आपला देश निर्वासितांना परका नाही. १९५९ साली तिबेटी आले, १९७१ साली पूर्व बंगालमधून जवळजवळ एक कोटी माणसे आली, १९८३ पासून श्रीलंकेचे तमिळ आले. भारताने त्यांना घेतले, याचा अभिमान बाळगावा. परंतु १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. त्यामुळे कोणाला राहू द्यायचे, कोणाला काम करू द्यायचे, कोणाला परत धाडायचे, हे त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर राहते. तमिळनाडूच्या छावण्यांत आजही हजारो माणसे अशी आहेत की, ज्यांच्या मुलांचा जन्म तेथेच झाला. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने तीन देशांतून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या काही धर्मीयांना वाट दिली. त्या यादीत ख्रिस्ती आहेत, म्हणून आपल्यातले काही जण समाधान मानून गप्प बसले. त्यांना आम्ही विचारतो : २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून मिझोराममध्ये आलेले चिन लोक बहुतांश ख्रिस्तीच आहेत, त्यांचे नाव त्या यादीत कोठे आहे? मार्च २०२१ मध्ये केंद्राने सीमा रोखण्यास सांगितले असताना मिझोरामच्या चर्चमंडळ्यांनी आणि गावकऱ्यांनी त्यांना घरात घेतले. लोक तयार होते. हमी द्यायला सरकार पुढे आले नाही. आणि ख्रिस्ती नसलेल्या रोहिंग्यांचे काय? जो कायदा माणसाचा जीव किती धोक्यात आहे हे विचारण्याआधी त्याचा धर्म विचारतो, तो व्हिएतनामी नौकेतल्या निम्म्या माणसांना वर घेईल आणि निम्म्यांना पाण्यात ठेवील.

परमगुरू पायस बारावे यांनी १९५२ सालीच नाझरेथच्या पवित्र कुटुंबाला साऱ्या निर्वासित कुटुंबांचे प्रतिरूप म्हटले आहे. ते चित्र आपल्या घराघरांत आहे : गाढवावर मरियामाता, कुशीत बाळ येशू, पुढे योसेफ, आणि वाट मिसर देशाची. त्या मिसर देशाने या कुटुंबाचा धर्म विचारला नव्हता.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. धर्मग्रामाने प्रार्थना आणि दान जरूर करावे; पण तेवढ्यावर थांबू नये. निर्वासित कोण, त्याची छाननी कशी, त्याला वकील आणि दुभाष्या मिळेल की नाही, काम आणि शाळा मिळेल की नाही, हे सांगणारा धर्मनिरपेक्ष कायदा देशात व्हावा, अशी मागणी आपण आपल्या खासदारांकडे लेखी करावी. आणि ती करताना कॅनडाच्या त्या मंडळांप्रमाणे पुढचे वाक्यही लिहावे, कारण त्याच्याशिवाय मागणीला वजन येत नाही : ‘कायदा करा, एका कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी आमचे धर्मग्राम घेईल.’ आपल्यातल्या कित्येकांची मुले आज परदेशांत स्थिरावली आहेत. तेथे त्यांना कोणी तरी पहिल्या हिवाळ्यात दार उघडले असेल. आता आपल्या धर्मग्रामाच्या पुढच्या सभेत हा विषय कोण मांडतो, ते पाहायचे आहे.